सर्फिंगला निघालात? आधी विहिरीत उतरा

"तुमच्यापैकी पोहता कुणाकुणाला येतं?"

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर सकाळी सातच्या सुमाराला सर्फिंग शिकवणाऱ्या मुलाने आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. आम्ही सहा जण वाळूत ओळीने उभे होतो. मी, पत्नी, कॉलेजात शिकणारी मुलगी, धाकटी बहीण, दाजी आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला भाचा. धाराशिवहून सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबोलीचा घाट उतरून आम्ही आदल्या दिवशी तिथे पोहोचलो होतो. ही सगळी सहल भाच्याच्या हट्टाची. वर्षभर मोबाइलवर लाटेवर उभी राहिलेली माणसे बघून त्याने ठरवले होते की, परीक्षा संपली की समुद्र आणि समुद्र म्हणजे सर्फिंग.

हात दोनच वर झाले. एक माझा, दुसरा भाच्याचा.

"कुठे शिकलास?" त्या मुलाने विचारले.

"वॉटर पार्कला."

"पाय टेकत होते का खाली?"

"हो."

"मग येत नाही तुला पोहायला," तो हसून म्हणाला आणि भाच्याच्या अंगात लाइफ जॅकेट चढवायला लागला. पुढे त्याने कुणाला फिट येते का, दमा आहे का, पाठीचे किंवा मानेचे दुखणे आहे का, रात्री दारू घेतली होती का, हेही विचारले. मी खाली मान घालून ऐकत होतो. डॉक्टर मी, पण निघण्याआधी घरातल्या माणसांना यातला एकही प्रश्न मी विचारला नव्हता. गाडीचे टायर मात्र दोनदा तपासून घेतले होते.

मे महिन्यातल्या त्या सकाळपासून हा विषय डोक्यात आहे. आमच्या जिल्ह्यातून दर सुट्टीत कितीतरी कुटुंबे कोकणात आणि गोव्यात जातात. शाळांच्या सहली जातात, कॉलेजची पोरे चारचाकी भाड्याने करून जातात. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला समुद्राची ओढ असणे स्वाभाविक आहे. तशी ती जुनीही आहे. आपले तेर म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर. तिथला माल बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून जहाजांनी पश्चिमेकडे. पण माल पाठवणे वेगळे आणि स्वतः पाण्यात उतरणे वेगळे. माझा अनुभव असा की, आपल्याकडच्या लोकांना हल्ली पाण्याची ओळखच राहिलेली नाही.

माझ्या पिढीला ती होती. आमच्या गावात उन्हाळ्यात ज्या विहिरीला पाणी टिकायचे, तिथे सगळी पोरे गोळा व्हायची. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, थोरला चुलतभाऊ कमरेला दोर बांधून काठावर उभा राहायचा आणि मागून कुणीतरी ढकलून द्यायचे. शिकवण्याची ही रीत शास्त्रशुद्ध होती असे मी म्हणणार नाही. नाकातोंडात पाणी जायचे आणि रडूही यायचे. पण दहा-बारा दिवसांत बिंडा सुटायचा आणि महिन्याभरात पोरगे वरून मुटका मारायचे. मुलींना मात्र हे भाग्य क्वचितच मिळे. माझी बहीण त्याच विहिरीच्या काठावर धुणे धुवायची. आम्ही पोहताना ती बघायची, पण पाण्यात कधी उतरली नाही. वाळूत हात वर न केलेल्या चौघांपैकी तिघी बायका होत्या, त्यामागचे कारण हेच.

पुढे विहिरी आटल्या आणि बोअर आले. बोअरमध्ये पोहता येत नाही. आज जिल्ह्यातल्या तिशीच्या आतल्या माणसांना विचारून बघा. दहापैकी किती जण पोहतात? माझ्याकडे आकडेवारी नाही, पण बाह्यरुग्ण विभागात मी सहज विचारतो तेव्हा बहुतेक माना आडव्या हलतात.

गंमत म्हणजे पाणी मात्र परत आले आहे, वेगळ्या रूपात. शेततळे. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि त्याआधीही फळबागांसाठी अनेकांनी तळी खोदली होती. दुष्काळात बाग जगवण्याचे ते मोठे साधन आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तळ्याच्या उतरत्या बाजूंना प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो आणि त्यावर शेवाळ धरते. आत पडलेल्या माणसाला वर चढताच येत नाही. हात लावावा तिथून घसरतो. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, मोटारीचा दोर असतो. शेततळ्यात धरायला काहीच नसते. पाणी आठ-दहा फुटांचे असो की वीस फुटांचे, पोहणारा माणूससुद्धा तिथे दमून बुडू शकतो.

मी एका तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात काम करतो. अपघात विभागात बुडालेले मूल आणले जाते तेव्हा दारातला आवाज वेगळा असतो, तो आता मला ओळखता येतो. जीपमधून, दुचाकीवर मध्ये बसवून, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणतात. बहुतेक वेळा पाऊण तास उलटून गेलेला असतो. अशा एका बापाने मला विचारले होते, "डॉक्टर साहेब, तळं माझंच हाय, कागद मीच टाकला. दोर टाकायला किती लागला असता?" मी उत्तर दिले नाही. दोन-तीनशे रुपयांत काम झाले असते, हे त्यालाही ठाऊक होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली आणि त्यातली जवळपास चौथाई 5 वर्षांखालची मुले होती. 10 पैकी 9 मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. आपल्या देशात 2022 च्या सरकारी नोंदीत बुडून मेलेल्यांचा आकडा 35 हजारांच्या वर आहे. यात समुद्रातले थोडे; विहिरी, तळी, नद्या, कालवे, खाणीतले खड्डे यांतलेच अधिक. म्हणजे बुडणे हा किनारपट्टीचा आजार आहे, हा आपला समज खोटा आहे.

आता समुद्राकडे वळतो, कारण तिथे आपण अडाणी असतो आणि ते आपल्याला कळतही नाही.

विहिरीचे पाणी जागेवर असते. समुद्राची लाट कुठून तरी आलेली असते. वाऱ्याने पाण्यावर ओतलेली ऊर्जा पुढे सरकत येते. पाणी बहुतांशी जागच्या जागी वर-खाली होते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि तरीही लाटा मोठ्या, असे होऊ शकते. मे 2024 च्या पहिल्या आठवड्यात हेच झाले. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, हजारो किलोमीटरवर उठलेल्या वादळी वाऱ्यांच्या लाटा भारताच्या किनाऱ्याला येऊन धडकल्या. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या केंद्र सरकारच्या संस्थेने त्याचा इशारा आधी दिला होता. तरी 6 मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर एमबीबीएसचे 5 विद्यार्थी बुडाले. माझ्या व्यवसायात पाऊल टाकणारी ही मुले. श्वास कसा थांबतो याचे प्रकरण त्यांनी परीक्षेला लिहिले असेल. लाट कशी येते, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

त्याआधीची दोन नावे मराठी वाचकांच्या लक्षात असतील. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी गेले. 15 एप्रिल 2017 रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे 8 जण बुडाले. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता. दोन्ही वेळा सहल होती.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जाते कुठून? सगळीकडून सारखे जात नाही. वाळूच्या दोन बांधांमधला खोलगट भाग सापडला की तिथून ते एखाद्या ओढ्यासारखे समुद्राकडे धावते. याला रिप करंट म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला 2 मीटरपर्यंत जाऊ शकतो; ऑलिम्पिकचा जलतरणपटू 100 मीटरची शर्यत साधारण याच वेगाने पोहतो. आणि यातला घातक भाग असा की, हा ओढा वरून शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होत असतो आणि मधल्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. लेकरे घेऊन आलेले कुटुंब बघते, इथे लाटा कमी आहेत, इथेच उतरू.

रिप करंट माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो दमून, कारण किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हातपाय मारतो. अशा वेळी उताणे होऊन तरंगायचे, हात वर करून मदत मागायची आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचे. लिहायला हे सोपे आहे. पण उताणे तरंगताच येत नसेल तर या सल्ल्याचा उपयोग काय? म्हणून तर विहीर.

भरती-ओहोटीचे भान आपल्याकडे नाही, किनाऱ्यावरच्या माणसाला ते बोटांवर असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना ढोबळ हिशेब. चतुर्थी असेल तर 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला कमी, तो भांग. घरात कालनिर्णय असतेच. निघण्याआधी तिथी बघायला काही हरकत नाही, एरवी आपण मुहूर्तासाठी बघतोच.

आता सर्फिंगबद्दल. माझ्या पिढीचे वडीलधारे हे नाव काढले की घाबरतात. मीही घाबरलो होतो. पण तिथे जे बघितले त्यावरून माझे मत बदलले. शिकवणारा जाणकार असेल तर नवशिक्यासाठी सर्फिंगचा तास हा किनाऱ्यावरचा बऱ्यापैकी सुरक्षित तास आहे. पहिला अर्धा तास आम्ही पाण्याला शिवलोसुद्धा नाही. वाळूवर फळीचा आकार काढून त्यावर पालथे पडायचे, हातांनी वल्हवल्यासारखे करायचे आणि एका झटक्यात उभे राहायचे, हेच वीस-पंचवीस वेळा. मग कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या लाटेवर. फळी मऊ फोमची होती, घोट्याला दोरीने बांधलेली. पडायचे कसे, हेही त्याने शिकवले: पाठीवर किंवा कुशीवर, पसरून, डोके खाली करून सूर कधीही मारायचा नाही, कारण खाली वाळू किती फुटांवर आहे ते दिसत नाही. वर येताना एक हात डोक्यावर धरायचा, कारण आपलीच फळी परत येऊन डोक्यात बसते. भाचा अठ्ठावीस वेळा पडला आणि एकदा चार सेकंद उभा राहिला. ते चार सेकंद त्याने गावभर सांगितले आहेत.

मुलगी पहिल्या दहा मिनिटांतच उभी राहिली. ती बॅडमिंटन खेळते, तोल चांगला आहे. मी स्वतः फळीवर गुडघ्यांपर्यंतच पोहोचलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

डॉक्टर म्हणून एक गोष्ट मात्र इथे नोंदवायला हवी, कारण ती शिकवणाऱ्यांनाही नेहमी माहीत नसते. फळीवर पालथे पडून, मान आणि छाती वर उचलून बराच वेळ राहिल्याने पाठीचा कणा मागे वाकलेला राहतो. अगदी क्वचित, पहिल्यांदाच सर्फिंग करणाऱ्या तरुण, सडपातळ माणसाच्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा यामुळे बिघडतो. हवाईतल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये याचे वर्णन केले. मार लागलेला नसतो, पडलेला नसतो. अचानक पाठीत कळ येते आणि थोड्या वेळात पाय जड, बधिर व्हायला लागतात, लघवी अडते. अशी पाठ दुखली तर 'थोडं राहिलंय, उरकून घेऊ' म्हणायचे नाही. फळी सोडायची, पाण्याबाहेर यायचे आणि पायात काही बदल वाटला तर तडक मोठ्या रुग्णालयात जायचे. हे दुर्मीळ आहे. पण तासातासाने फळीवरून उतरून पाठ मोकळी करणे फुकट असते.

बाकी त्वचा भाजणे, फळीने खरचटणे, जेलिफिश चावणे हे चालायचेच. जेलिफिश लागली तर वाळूने घासू नये, लघवी तर मुळीच लावू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले तंतू कशाने तरी अलगद काढावेत आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटे धरावा. धाप लागली, चेहरा सुजला तर दवाखाना.

आमचा खरा प्रसंग सर्फिंगमध्ये घडला नाही. तो संध्याकाळी घडला, गुडघाभर पाण्यात.

सूर्य मावळत होता. जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांपासून आम्ही बरेच लांब, गर्दी नको म्हणून एका बाजूला गेलो होतो. दाजी पँट वर खोचून पाण्यात उभे, भाचा त्यांच्यापुढे चार पावलांवर, पाठ समुद्राकडे, कारण बहीण वाळूतून फोटो काढत होती. लाइफ जॅकेट सकाळीच परत केलेले. दोन लहान लाटा गेल्या आणि तिसरी मोठी आली. भाचा पडला. लाट परतताना पायाखालची वाळू सरकली आणि तो उभा राहीपर्यंत पाणी छातीला लागले. दाजी त्याला धरायला पुढे गेले. दाजींना पोहता येत नाही.

मला आठवते ती शांतता. भाचा ओरडला नाही. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवून हाका मारतो. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते. जो क्षण वर मिळतो तो श्वासासाठी लागतो, हाकेसाठी उरत नाही. हात आपोआप बाजूंना पाण्यावर दाबले जातात. लांबून बघणाऱ्याला वाटते, खेळतोय. बहीण अजून फोटोच काढत होती. मी तीस वर्षे हे पुस्तकात वाचून विद्यार्थ्यांना सांगत आलो आणि मलाही दोन-तीन सेकंद वाटले, खेळतोय.

शिट्टी वाजली. जीवरक्षकाने ते लांबून ओळखले होते. तो नारिंगी फ्लोट घेऊन धावत आला, दुसरा त्याच्या मागे. भाच्याला फ्लोटला धरवून त्यांनी आडवे नेऊन बाहेर काढले, दाजींना दुसऱ्याने कमरेला धरून. सगळे मिळून दोन मिनिटेही झाली नसतील. मी विहिरीत पोहणारा माणूस, पण मीही पाण्यात धावत सुटलो होतो; त्या जीवरक्षकाने मला हाताने मागे ढकलले. त्याचे बरोबर होते. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, ही आपल्याकडच्या तळ्यांवरची नेहमीची कथा आहे. एकाच घरातल्या माय-लेकी अशाच जातात. पाण्यात उडी मारण्याआधी काहीतरी फेकायचे: दोर, साडी, रिकामा कॅन, लांब बांबू. स्वतः जमिनीवर राहून.

भाचा खोकत होता, रंग ठीक होता. तरी मी त्याला त्या रात्री झोपू न देता बसवून ठेवले आणि श्वास मोजत राहिलो. पाणी फुप्फुसात गेलेल्या माणसाला सुरुवातीला बरे वाटू शकते आणि काही तासांत धाप वाढू शकते. खोकला थांबत नसेल, श्वास जलद असेल, माणूस गुंगीत असेल तर रुग्णालयात नेऊन सहा-आठ तास देखरेखीखाली ठेवायला हवे.

बुडालेला माणूस बाहेर काढल्यावर काय करायचे, याबद्दल आपल्याकडे जे चालते ते बघून मला संताप येतो. पोटावर दाबतात. पाय धरून उलटे टांगतात, गरगर फिरवतात. मिठात पुरून ठेवले तर जिवंत होतो, असा एक संदेश मोबाइलवर फिरतो आणि लोकांनी मृतदेह मिठात ठेवल्याच्या बातम्याही आल्या आहेत. या सगळ्यात जातात ती मिनिटे परत येत नाहीत. बुडालेल्याला कमी पडलेला असतो तो प्राणवायू. म्हणून श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्यायचे: डोके मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, छाती उचलली जाते का ते बघत. मग छातीच्या मधोमध 30 दाब, दोन श्वास, पुन्हा 30 दाब. मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने, साधारण 5 सेंटीमीटर खोल. तोंडातून फेस आला तरी पुसत बसायचे नाही. दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नाही. मृत म्हणून माझ्यापर्यंत आणलेल्या मुलांपैकी काहींना तळ्याच्या काठावरच कुणी श्वास दिला असता तर, हा विचार मी मुद्दामच फार लांबवत नाही.

ज्यांना फिट येतात त्यांच्यासाठी दोन ओळी वेगळ्या. पाण्यात फिट आली तर ती काही सेकंदांची असली तरी जीव जाऊ शकतो. अशा रुग्णांना बुडण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. प्रवासात गोळी चुकते, रात्रभर जागरण होते आणि नेमकी सकाळी समुद्रावर फिट येते. गोळ्या हाताशी ठेवा, झोप पूर्ण करा आणि सोबत पोहणारा माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरू नका, अगदी आंघोळीच्या हौदातही. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि अँजिओप्लास्टी केलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि दारू प्यायलेल्याने लाटेला पाठ काय, तोंडही दाखवू नये.

मुरूडच्या दुर्घटनेनंतर शैक्षणिक सहलींवर नियमांची लांबलचक यादी आली. नियम हवेत. पण बंदी घालून कुणाला पोहायला येत नाही. सहल चुकली तरी शेततळे चुकत नाही, नदी चुकत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा परंडा तालुक्यात माणसे घरांच्या छतांवर अडकली, त्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. दुष्काळी म्हणून ज्याची ओळख त्या जिल्ह्यात. त्या छतांवरच्या किती जणांना पोहता येत होते?

तरणतलाव नाही, हे कारण मला पटत नाही. बांगलादेशात हजारो खेड्यांतल्या मुलांना गावच्या तळ्यातच शिकवले गेले. तळ्यात बांबूचा मचाण उभारायचा, पाण्याखाली ठरावीक खोलीवर बांबूचीच जमीन करायची, भोवती कठडा. आत मुले आणि गावातलेच प्रशिक्षित शिक्षक. 25 मीटर पोहता आले आणि अर्धा मिनिट तरंगता आले की मूल उत्तीर्ण. मुलींनाही. आपल्याकडे माकणी आहे, कोळेगाव आहे, शेकडो पाझर तलाव आहेत आणि दसऱ्यानंतर काठोकाठ भरलेल्या विहिरी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांनी दिवाळीनंतरचे वीस दिवस यासाठी द्यावेत, अशी माझी मागणी आहे. क्रीडा विभागाकडे प्रशिक्षक आहेत, गावात बिंडा बांधून शिकलेले साठीचे आजोबा आहेत. आणि शेततळ्याला अनुदान देताना कुंपण, चारी बाजूंनी दोर आणि एक तरंगता कॅन असल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. कागदाचा फोटो लागतो, तसा दोराचाही लागावा.

घरच्या विहिरीत शिकवणार असाल तर आधी मोटारीचा मेन स्विच बंद करा. वायर पाण्यात लोंबत असते आणि विजेचा धक्का लागून जाणाऱ्यांनाही लोक बुडाले असेच म्हणतात. बरीच वर्षे न वापरलेल्या, खोल आणि अंधाऱ्या विहिरीत उतरू नका. तळाशी प्राणवायू नसतो. शिकणाऱ्याच्या कमरेला दोर आणि दोर धरणारा माणूस पोहणारा.

यंदाच्या दिवाळीत आम्ही हेच केले. चुलतभावाची विहीर पावसाने तुडुंब भरली होती. पांगारा आता सापडत नाही, म्हणून तेलाचे रिकामे कॅन घेतले. भाचा चार दिवसांत कॅनशिवाय तरंगायला लागला. मुलगी सहाव्या दिवशी. माझी बहीण दोन दिवस काठावर बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेसवर आली आणि म्हणाली, "दादा, दोर नीट धर." चाळीस वर्षे ज्या विहिरीवर तिने धुणे धुतले, तिच्यात ती पहिल्यांदा उतरली. नाकात पाणी गेले, रडली, पुन्हा उतरली. आता ती उताणी पडून आभाळ बघत राहू शकते.

भाचा मेमध्ये पुन्हा लाटेवर उभे राहायला जायचे म्हणतो आहे. दाजी अजून पायरीवरच बसले आहेत. पाणी फार गार आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.